म्हशीला सांगितलेली फवारणी

सन २००२. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि शेजारचा गंगाराम त्याच्या म्हशीला आंब्याची फवारणी शिकवत होता.

"चंद्रे, ऐक गो," गोठ्यात उभा राहून तो ओरडायचा. "मोहर फुलला की त्याच्यावर औषध मारायचं नाय. मधमाश्या मरतात. मग फळ काय तुझा बापूस धरणार? घे कानात!"

"घे कानात" हे त्याचं पालुपद. चंद्री शेपटी हलवायची. आमच्या मंडणगडाकडच्या वाडीत सगळे म्हणायचे, बायको गेल्यापासून गंगारामचं फिरलंय. मीही म्हणायचो. पण त्याचा गोठा माझ्या गडग्याला लागून. जांभ्या दगडांची ती छातीएवढी भिंत, तिच्यावरून आवाज यायचाच. मी काय कानांत बोळे घालून बसू?

माणूस मात्र जबरदस्त. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की हातातला घास ताटात ठेवून ऐकायचा. मंडणगडला शेतकरी मेळावा असला की पहिल्या एसटीने जाऊन पुढच्या खुर्चीत. साहेबाचं भाषण संपलं की हा उभा. "साहेब, ते पुस्तकात झालं. आमच्या कातळावर काय?" एकदा साहेब कंटाळून जीपमध्ये जाऊन बसला, तर हा दुसऱ्या दाराने आत. उत्तर घेऊनच फाट्यावर उतरला आणि तिथून चालत घरी आला.

मी कुठे जात नाही. माझी शाळा दुसरीत सुटली. त्यानंतर मला कोणी शिकवलेलं खपत नाही. आदल्या साली गंगाराम गडग्यापाशी येऊन म्हणाला होता, "दादा, तुमच्या मोहरावर तुडतुडे दिसतायत. आजच्या आज..."

"ही कलमं मी लावली तेव्हा तुझा शेंबूड तुझी आई पुसत होती," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस."

तो आल्या पावली परत गेला. त्या साली तुडतुड्यांनी माझा सगळा मोहर काळा केला. मुलाने मुंबईहून सांगून ठेवलं, यंदाही असंच झालं तर कलमं कराराने देऊन टाकू. माझी कलमं, आणि राखणार दुसरा!

त्यानंतर गंगाराम माझ्याशी शेतीचं अक्षर बोलला नाही. चंद्रीशी बोलायला लागला.

एकदा मी अंदाजाने औषध कालवून मारलं. दोन दिवसांनी गोठ्यातून आवाज. "चंद्रे, झाकणभर म्हणजे झाकणभर! पेलाभर कशाला गो ओतलंस? पालवी करपली ना! एवढी म्हातारी झालीस, अक्कल कधी येणार?"

मी आतल्या आत तापलो. पण तेव्हापासून झाकणाने मोजू लागलो. म्हशीच्या हातात झाकण कुठून आलं, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. उलट चार माणसांत म्हणायचा, "फवारणी शिकावी तर विठूदादांकडून." मी मान डोलवायचो.

पौषात चंद्री गेली. आम्ही वाडीतल्यांनी तिला ओढून नेऊन पुरलं. गंगाराम भिंतीला टेकून बसला तो बसलाच. रेडिओ बंद, जेवणही नावाला. आणि इकडे माझ्या कलमांवर मोहर यायला लागलेला, आभाळ भरलेलं. आता मारू की थांबू? विचारायला जीभ उचलेना.

दोन दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी आवाज आला.

"चंद्रे, ऐक गो. आभाळ आलंय, तुडतुडे वाढणार. मोहर उमलायच्या आत मार. उद्या सकाळीच. खोडावर पण मार, सालीत लपतात ते..."

मी गडग्यावरून डोकावलो. रिकामा खुंटा. त्याच्याकडे पाठ करून गंगाराम उभा, तोंड माझ्या घराकडे. "घे कानात," तो पुटपुटला आणि पंच्याने डोळे पुसले.

मी पटकन खाली वाकलो. त्याला दिसलो असतो तर बिचाऱ्याची पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत फवारणी उरकली, खोडांसकट. मग माझ्या गाईची पाडी सोडली, गडग्याला वळसा घालून नेली आणि त्याच्या खुंट्याला बांधली. तो बघत राहिला.

"हिला सांगत जा," मी म्हटलं. "पण अजून लहान आहे, एकटीला कळायचं नाय." आणि खुंट्याशेजारी मांडी घालून बसलो.