ऋतुजानं म्हैसूर घेतलं

आठवडाभर ऋतुजा दोन कॉलेजांमध्ये लोंबकळत होती. ऑडिओलॉजीच्या एमएस्सीला, म्हणजे कानाच्या शास्त्राला, तिचा मुंबई आणि म्हैसूर दोन्हीकडं नंबर लागला होता. उद्या संध्याकाळपर्यंत एक जागा पक्की करायची होती. वडवणीच्या घरात जो येई तो सल्ला देऊन जाई. मामाचं म्हणणं मुंबई, मावशीचं म्हणणं आधी लग्न. शेजारचे शहादेवकाका तर "कानाला कोमट तेल बास हाय, त्याला कॉलेज कशाला?" असं म्हणून चहा पिऊन गेले. ऐकून ऐकून तिचेच कान किटले होते.

शेवटी तिनं म्हैसूर ठरवलं आणि वडिलांना सांगायला गोठ्यात गेली. बद्रीनाथ कडबाकुट्टी चालवत होते. त्या मशीनच्या खडखडाटात वर्षं घालवून त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांचं मत मात्र असं, की हल्ली लोकच पुटपुटतात.

"आबा, म्हैसूर घेऊ का?" ती ओरडली.

"घेऊ की! इचारतीस कावून? लई दिवसांपासून माझ्या मनात हाय."

इतक्या सहज होकार आलेला बघून तिला रडूच फुटलं. त्या रात्री ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. पुढं बद्रीनाथ, मागं भलीदांडगी म्हैस.

"सिरसाळ्याहून आणली," ते कौतुकानं म्हणाले. "पोरीनं तोंडातून शब्द काढला, म्हणलं आणावीच."

पिठाच्या हातांनी ऋतुजाची आई सत्यशीलाबाई बाहेर आल्या. "आवो, धार कोण काढणार हिची?"

"ऋतुजा काढंल. तीच म्हणली."

"मी म्हैसूर म्हणले, आबा! कॉलेज! तिकडं कर्नाटकात!"

तोवर शहादेवकाकांनी म्हशीला मागून ढकललं होतं. ती उतरली ती दोरीवर वाळत घातलेल्या ऋतुजाच्या ओढणीसकट गोठ्यात शिरली. तिला तिथून कुणी हलवू शकलं नाही.

बद्रीनाथ ओट्यावर बसले. पोरगी एवढ्या लांब जाणार, हे त्यांच्या ध्यानात आता आलं.

"मग मुंबईच घे," ते म्हणाले. "ती मला नीट ऐकू आलती."

"मुंबईचं मी तुमच्याजवळ नावच काढलं न्हाई, आबा."

ऋतुजा त्यांच्या शेजारी टेकली. भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तुमाला ऐकू येत न्हाई, म्हणून तर हे शिकायलेय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

बद्रीनाथांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"जा म्हैसूरला," ते म्हणाले. "आन् अभ्यासाला कान लागत असंल तर माझा एक घे. दुसरा चांगला हाय."

तिनं मोबाईल काढून जागा पक्की केली. डोळे पुसले.

"चांगला कोणता हाय, आबा?" तिनं हळूच विचारलं.

"म्हशीला पाणी? पाजलं की मघाशीच," बद्रीनाथ म्हणाले. "बादलीभर प्याली."