डाव्या काचेवरचा कागद

घड्याळजींची तबकडी फुटेनाशी झाली, त्याला तीन महिने होत आले होते. शहराबाहेरच्या माळावर यंत्र बशीएवढ्या मातीच्या तबकड्या हवेत भिरकावतं आणि त्या बंदुकीने उडवायच्या, असा हा खेळ. पंचविसातल्या बावीस सहज उडवणारा हा माणूस आता चारावर आला होता. बाकीच्या तबकड्या निवांत जाऊन गवतात उतरत. रविवारी शेजारच्या क्लबशी सामना होता आणि संघ पाच जणांचा. शुक्रवारच्या सरावात जमलं नाही तर तुमची जागा तुमच्या मेहुण्याला, असं कप्तानांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, सांगून टाकलं. मेहुण्याला बंदूक धरायला शिकवली होती ती घड्याळजींनीच, त्यामुळे हे फारच जिव्हारी लागलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, श्वास रोखा. बेकरीवाला म्हणाला, उपाशीपोटी मारा. मेहुणा म्हणाला, जड काडतुसं वापरा. घड्याळजींनी तिन्ही एकदम केलं आणि काळानिळा खांदा नि गरगरणारं डोकं घेऊन घरी आले. बायकोला ते बघवेना. घरीच सराव करा, मी झाकणं फेकते, असं तिने सुचवलं.

घड्याळजी खांद्याला झाडू लावून बैठकीच्या खोलीत उभे राहिले. ते "सोड" म्हणत, की ती स्वयंपाकघराच्या दारातून पातेल्याचं झाकण भिरकावी. पाच झाकणं झकास गेली. सहावं भिंतीवर चाचणीला लावलेल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळावर आदळलं आणि लंबक सुटून खाली आला. घड्याळ डॉक्टरांचं होतं.

दोघांची तोंडं उतरली. घड्याळजी डोळ्यात भिंग खोचून कामाला बसले. बायको अपराधी चेहऱ्याने समोर बसून एकेक स्क्रू हातात देऊ लागली. देता देता ती थबकली.

"अहो, भिंग डाव्या डोळ्यात कधीपासून लावता?"

"उजव्याला रांजणवाडी झाली होती ना, तेव्हापासून. मग तीच सवय लागली."

"आणि ती कधी झाली होती?"

घड्याळजींनी आठवून पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. तीन महिने झाले होते. दिवसभर डाव्या डोळ्याने बघता बघता तो डोळा शिरजोर झाला होता. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम मात्र डाव्या डोळ्याचा, मग तबकडी फुटणार कशी? बायकोने नखाएवढा कागद फाडला आणि त्यांच्या नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटवला.

शुक्रवारी घड्याळजींनी बावीस उडवल्या. जागा वाचली, जिवात जीव आला. सगळे चष्म्याभोवती गोळा झाले. घड्याळजींनी रांजणवाडीपासून सगळं खरं खरं सांगितलं आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

"सांगायचं नसेल तर सांगू नका," बेकरीवाला म्हणाला, "पण रांजणवाडी काय?"

रविवारी संघातले उरलेले चौघेही डाव्या काचेवर कागद लावून हजर झाले. बेकरीवाल्याने तर कमी पडायला नको म्हणून अख्खी काच झाकली होती. डॉक्टर मुळात डावखुरे, नेम धरणार डाव्याच डोळ्याने. घड्याळजींनी त्यांना बाजूला घेऊन कळवळून समजावलं, तर डॉक्टर दुखावले.

"म्हणजे आम्ही मारू नये, असंच ना?"

घड्याळजी जाऊन आपल्या जागेवर उभे राहिले.

संध्याकाळी बायको दारातच वाट बघत होती. संघ सपाटून हरला, असं सांगताना घड्याळजींना चेहरा पाडायचा होता, पण तो काही केल्या पडेना. त्यांच्या तेवीस झाल्या होत्या, बाकी चौघांच्या मिळून सतरा; धड डोळ्यांना कागद नुसता आडवा आला होता. क्लबची बैठक तिथेच माळावर झाली होती.

"मग तुमची जागा?"

"पक्की. उरलेल्या चार रिकाम्या आहेत."

"आणि माझा भाऊ?"

"त्याला म्हटलंय, आवडेल ती घे."