म्हाताऱ्याची पेटी

न्हाणीघराच्या दारातच आर्डिसच्या मोज्यात गळ घुसला. मोज्याची लोकर, गळ आणि आर्डिसचा अंगठा अशी तिघांची झालेली गाठ सोडवायला व्हर्लिनला पक्कड आणावी लागली. पक्कड घेताना फ्रिजच्या मागून गळाची आणखी एक काठी त्याच्या डोक्यावर पडली. शेगडीपाशी निजलेल्या गसने, म्हणजे त्यांच्या वय झालेल्या काळ्या कुत्र्याने, एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"व्हर्लिन हॉगेन," आर्डिस म्हणाली. ती नवऱ्याला पूर्ण नावाने हाक मारी तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलेलं असे. "या घरात माणसं दोन. तुझ्या काठ्या किती?"

"आहेत थोड्या."

"काल चर्चमध्ये गायला जाताना झगा काढला, तर बाहीतून एक निघाली. शनिवारी गोठलेल्या तळ्यावर तुमची मासे धरायची स्पर्धा आहे ना? त्याआधी सगळ्या काठ्या एका जागी दिसल्या नाहीत, तर मी ठेवीन एका जागी. बर्फाला भोक पाडायचं यंत्र मलाही चालवता येतं."

बायकोच्या बोलण्यात तथ्य होतं, हे व्हर्लिनलाही कळत होतं. बर्फावर बसून मासे धरायची काठी हातभर लांबीची. ती कुठेही मावते, आणि म्हणूनच कुठेही जाऊन बसते. त्याने बादली वापरून पाहिली, लोणच्याची मोठी बरणी पाहिली, गोल्फची जुनी पिशवीसुद्धा पाहिली. दर खेपेला दोऱ्यांचा असा गुंता होई की सगळ्या काठ्या एकदमच बाहेर येत. आता मात्र त्याच्या डोक्यात पेटी आली होती. लाकडी, झाकणाची, आत प्रत्येक काठीला वेगळी खाच. आर्डिसला काही सांगायचं नाही, शनिवारी सकाळी एकदम समोर ठेवायची.

पेटीची लांबी ठरली ती म्हाताऱ्यावरून. म्हातारा म्हणजे त्याच्या वडिलांनी हाताने तासलेली काठी. ती इतर काठ्यांपेक्षा चांगली दीडपट लांब होती. बाकीच्या काठ्यांनी आपापलं बघावं, पण म्हाताऱ्याला ओरखडा उठता कामा नये असं व्हर्लिनचं म्हणणं होतं. बिजागऱ्या आणायला तो गावातल्या डेलमारच्या दुकानात गेला.

"पेटी करतोय," तो म्हणाला.

"पेटी?" डेलमार म्हणाला. त्या गावात याहून थेट प्रश्न विचारत नाहीत.

"म्हाताऱ्यासाठी. इतकी वर्षं घरभर लोळला, आर्डिसच्या पायात पायात आला. आता मऊ गादीवर नीट ठेवावा म्हणतो."

डेलमारचा हात बिजागऱ्यांच्या खोक्यातच राहिला. त्याने खिडकीतून व्हर्लिनच्या पिकअपकडे पाहिलं. पुढची सीट रिकामी होती. एरवी तिथे बसून गावाला दर्शन देणारा गस या आठवड्याच्या थंडीत शेगडी सोडायला तयार नव्हता.

"माप घेतलंस?" डेलमारने हळूच विचारलं.

"घेतलं. टोकाला बोटभर जागा जास्त सोडलीय. मुडपायला नको."

डेलमार आत गेला आणि गडद लाल मखमलीचा मोठा तुकडा घेऊन आला. "हे घाल खाली. पैसे राहू दे." त्याने व्हर्लिनचा खांदा दाबला. डेलमार स्वतः मासेमारीतला जुना गडी होता. काठीची माया त्याला कळते, असं वाटून व्हर्लिनला भरून आलं.

दोन दिवस गॅरेजमध्ये काम चाललं. गोंदाचा उग्र वास बाहेर जावा म्हणून दार अर्धं उघडं असे. व्हर्लिन मखमल चिकटवत होता आणि गोंदाच्या वाफेने चुरचुरणारे डोळे पुसत होता, तेव्हा समोरच्या घरातली लव्हॉन रस्त्यात थांबलेली त्याला दिसली. त्याने हात केला. तिने छातीवर हात ठेवला आणि ती परत घरात गेली.

त्याच संध्याकाळी ती हॉटडिश घेऊन दारात उभी राहिली. खाली खिमा, मध्ये घट्ट सूप, वर कुरकुरीत बटाट्यांचे गोळे. "जास्तीचं झालं होतं," ती म्हणाली, भांडं आर्डिसच्या हातात दिलं, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि गेली.

आर्डिस आणि व्हर्लिन स्वयंपाकघरात भांड्याकडे बघत बसले. इथे हॉटडिश कुणी सहज आणत नाही. चर्चच्या जेवणाला आणतात ते वेगळं. दारात येते ती कुणी गेलं तर, किंवा कुणी जायच्या बेतात असेल तर.

"तुला काही माहीत आहे?" आर्डिसने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

दोघांनीही एकमेकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मागच्याच आठवड्यात आर्डिस एकटी शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. गुडघ्याचं आहे, असं म्हणाली होती. गुडघ्यासाठी लव्हॉन रडेल का, हा प्रश्न व्हर्लिनच्या मनात आला आणि त्याने बशी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन हॉटडिश आल्या, जेलीचं हिरवं सॅलड आलं आणि लिंबाच्या वड्यांचा डबा आला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं. कोण कशासाठी आणतंय ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती. आणणाऱ्या माणसाला 'का आणलंत' म्हणणं म्हणजे भांडं तोंडावर फेकण्यासारखंच. डेलमार तर अख्खं हॅम घेऊन आला.

"त्रास नाही ना झाला फारसा?" तो व्हर्लिनला कुजबुजून म्हणाला.

"तसं काही बोलत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"ते कुठलं बोलतंय. मुकाट्याने सोसतात बिचारे." डेलमारने नाक पुसलं. "आर्डिसला सांभाळ."

व्हर्लिनने आर्डिसला सांभाळायला सुरुवात केली. सकाळी कॉफी तिच्या पलंगापाशी नेली. अंगणातला बर्फ तिच्या आधी उठून काढला. आर्डिस कॉफीकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पलंगावर कॉफी ही पहिलीच.

"तुला बरं वाटतंय ना रे?" तिने विचारलं.

"मला काय झालंय? तू पड जरा."

ती पडली नाही. उलट दुपारी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐक, त्या काठ्यांचं मी बोलले ते मनावर घेऊ नकोस. असू देत जिथं आहेत तिथं. झग्यात असली तरी चालेल."

काठ्यांबद्दल आर्डिस असं बोलली, म्हणजे संपलंच सगळं. व्हर्लिन कसाबसा म्हणाला, "मी शनिवारी जात नाही तळ्यावर. घरीच थांबतो तुझ्यापाशी."

आता घाबरायची पाळी आर्डिसची होती. अंगात ताप असतानाही हा माणूस बर्फावर गेला होता. मुलीच्या लग्नाच्या सकाळीही गेला होता. तो स्पर्धेला जात नाही म्हणतो, म्हणजे डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं असेल? ती मोरीपाशी जाऊन नळ सोडून रडली. गॅरेजमध्ये व्हर्लिन रंधा मारायचं निमित्त करून रडला.

शुक्रवारी संध्याकाळी पास्टर किर्स्टन आल्या. तरुण बाई, गावात नवीन, पण इथली रीत शिकत होत्या. लिंबाची वडी घेतली, थंडीबद्दल बोलल्या, रस्त्यांबद्दल बोलल्या. मग वडी बशीत ठेवून म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. जमीन दगडासारखी गोठलीय. बर्फ वितळेपर्यंत खणता यायचं नाही. तोवर ठेवणार कुठे? गॅरेजमध्येच?"

व्हर्लिन ताडकन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने धर्मगुरूवर आवाज चढवला. "पास्टरबाई, ती समोर बसलीय अजून. जिवंत आहे."

"कोण?" पास्टरबाई म्हणाल्या.

"मी?" आर्डिस म्हणाली. "मला काय झालंय? मला गुडघा झालाय. तुझंच काहीतरी आहे ना, मला न सांगता ठेवलेलं?"

"माझं? माझं काही नाही."

"मग या हॉटडिश कुणाच्या?"

पास्टरबाई गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. "म्हणजे... तुमचा गस," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी पेटी केलीत ना तुम्ही? डेलमारने सांगितलं. म्हाताऱ्याला मखमलीवर ठेवणार म्हणून."

हॅमचा वास आला म्हणून असेल, गस शेगडीमागून उठला, अंग झाडलं आणि पास्टरबाईंच्या गुडघ्यावर येऊन हनुवटी टेकली. आर्डिस आधी हसायला लागली, मग रडायला लागली आणि मग व्हर्लिनच्या पाठीत तिने एक जोरात गुद्दा घातला. व्हर्लिनने तो आनंदाने खाल्ला.

पण गोष्ट इथे मिटण्यासारखी नव्हती. "लव्हॉन माझ्या खांद्यावर रडलीय," आर्डिस म्हणाली. "तिला आता काय सांगू, उगाच रडलीस म्हणून? ती तोंड कुठे लपवेल?"

"आणि हॅम निम्मं संपलंय," व्हर्लिन म्हणाला.

दोघांनी पास्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी आणखी एक वडी उचलली. "मी खोटं बोलणार नाही," त्या विचार करून म्हणाल्या. "पण मला इथे कधी कुणी काही थेट विचारतच नाही."

तेव्हा असं ठरलं की गस गेला, आणि हा नवीन कुत्रा आणला.

शनिवारी तळ्यावर सगळा गाव होता. व्हर्लिनने पिकअपच्या मागून पेटी उतरवायला घेतली आणि गप्पा थांबल्या. जमीन गोठलीय, म्हणून म्हाताऱ्याला त्याच्या आवडत्या तळ्यावर आणलंय, एवढं सगळ्यांना आपोआप समजलं. डेलमार पुढे आला, पेटीच्या दुसऱ्या टोकाची दोरी त्याने धरली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पुरुषांनी कानटोप्या काढल्या. दोघे संथ पावलांनी पेटी घेऊन बर्फावर उभ्या केलेल्या व्हर्लिनच्या मासेमारीच्या खोपटाकडे निघाले आणि पेटीच्या मागोमाग, शेपूट हलवत, गस चालू लागला.

"हलका झाला होता शेवटी," डेलमार म्हणाला. आतून काठ्यांची रिळं खुळखुळली, ती त्याने ऐकली नाहीत. मग त्याची नजर मागे गेली. "नवीन वाटतं?"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"काळाच घेतलास."

"सवय झालीय."

"पाय आखडलेत त्याचे."

"म्हातारा मिळाला. स्वस्तात."

डेलमारने बराच वेळ कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने त्याचा हात ओळखीने चाटला. "लवकर माणसाळतोय," एवढंच तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. लव्हॉन मात्र जवळ आली. खाली वाकून तिने गसचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, नीट निरखून पाहिलं.

"गोड आहे हो," ती आर्डिसला म्हणाली. "पण खरं सांगू? गसची सर नाही यायची."

"नाही," आर्डिस म्हणाली. "ते तर आहेच."

लोकांनी त्यांना एकांत दिला. खोपटाचं दार लागलं तसं व्हर्लिनने झाकण उघडलं. सगळ्या काठ्या आपापल्या खाचेत, एकही दोरा दुसऱ्यात नाही. आर्डिसने पेटीवरून हात फिरवला आणि चांगली झालीय म्हणाली. व्हर्लिनने म्हातारा काढून बर्फाच्या भोकात दोरा सोडला. दोघं शेजारी शेजारी बसले. बाहेर कुणीतरी मोठ्याने बोलायला लागलं की दुसरं कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. "तू खरंच बरी आहेस ना?"

"सांगितलं ना, गुडघा आहे."

"नुसता गुडघा?"

"अरे, काठी वाकलीय. मासा लागलाय मोठा. ओढ."

"लागू दे," व्हर्लिन म्हणाला. "तू आधी नीट सांग, डॉक्टर काय काय म्हणाला."

आणि ती सांगत होती तोवर त्याने काठीला हात लावला नाही.