कूलरचे पाणी आणि वकिलाची साक्ष

मे महिन्यातल्या एका दुपारी, अमरावतीच्या आपल्या घरी, गौरांग या तरुण वकिलाने कूलर स्वतःच दुरुस्त करण्याचे ठरवले. निश्चय लहान होता. पण अहंकाराला बसायला तेवढी जागा पुरते.

त्याची पत्नी मैथिली हिचे दिवस भरले होते. रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण अकोल्याला, माहेरी व्हायचे; परंतु तिला ते कोमट पाण्याच्या टबात हवे होते, आणि तशी सोय इथल्या डॉक्टर नीलम यांच्याकडे होती. तिने वाचून, विचारून, मनाशी पक्के केले होते. "आंघोळ बाळ झाल्यावर घालतात. आधी घातलेली मी ऐकली नाही," एवढे बोलून सासूबाई अनसूयाबाईंनी विरोध संपवला आणि जपाची माळ उचलली.

टबाजवळ एकाच नातलगाला बसू देत. ते आसन आपलेच, असे गौरांगने धरून ठेवले होते. त्यासाठी त्याने अभ्यास केला होता. गर्भजलाची पिशवी फुटली की पाण्याचा रंग पाहावा, वास पाहावा. निर्मळ असेल तर काळजी नाही. हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केली असे समजावे, तडक दवाखाना गाठावा आणि टबाची आशा सोडावी. हे तो कोर्टातल्या सहकाऱ्यांनाही समजावून सांगे. (त्यांनी विचारलेले नसे.)

त्या दुपारी मैथिली कूलरसमोरच्या खुर्चीवरून उठली आणि काही न बोलता न्हाणीघरात गेली. गौरांग खोलीत आला. त्याला खुर्चीखाली ओली फरशी दिसली.

"टाकी गळते आहे," त्याने निदान केले, आणि टाकीचे बूच उपटले. आठवडाभराचे शेवाळलेले पाणी पलंगाखालपर्यंत पसरले.

मैथिली दारात आली. "अहो, ते कूलरचं नव्हतं."

"मग कोणाचं?"

"माझं."

गौरांगने हातातले बूच खाली ठेवले. मग अभ्यास आठवून त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"रंग कसा आहे?" डॉक्टरांनी विचारले.

गौरांगने खाली पाहिले. खोटे बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते. "हिरवट."

"वास?"

"शेवाळासारखा."

"पुष्कळ आहे का?"

"चपला तरंगून राहिल्या आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताबडतोब निघा. टब विसरा. मी ऑपरेशनची तयारी करते."

"काय सांगितलंत त्यांना?" मैथिलीने विचारले.

"जे दिसलं ते."

"जे दिसलं ते सगळं माझं होतं?"

साक्ष खरी होती. वस्तू तेवढी दुसरी होती. गौरांगने पुन्हा फोन लावला, पण तयारीत गुंतलेल्या डॉक्टरांनी तो उचलला नाही.  वाटेत रिक्षात मैथिलीचे डोळे भरले होते. अनसूयाबाईंनी माळ थांबवून सुनेचा हात धरला. "तू तुझ्या तोंडाने सांग. याला बोलू देऊ नको."

दवाखान्यात टब रिकामा करणे चालू होते. मैथिलीने न्हाणीघरात वापरलेले पॅड पिशवीतून काढून डॉक्टरांपुढे धरले. "हे माझं. बाकीचं कूलरचं." पॅडवरचे पाणी निर्मळ होते. डॉक्टरांनी तिला तपासले, बाळाचे ठोके बराच वेळ ऐकले. मग त्यांनी गौरांगकडे पाहिले. (त्या दृष्टीचे वर्णन सभ्य भाषेत होत नाही.)

"टब पुन्हा भरा," त्या म्हणाल्या. "आत एकजण या."

गौरांगने चपला काढल्या.

"आई येतील," मैथिली म्हणाली.

अनसूयाबाईंनी पदर खोचला. ज्या टबाला त्यांनी नावे ठेवली होती, त्याच्याकडे त्या देवळात जावे तशा चालत गेल्या.

"आणि मी?" गौरांगने विचारले.

"तुम्ही बाहेर बसा. कोणी काही विचारलं तर चटकन उत्तर देऊ नका. 'आईला विचारून सांगतो,' एवढंच म्हणा."

नम्रता मनुष्याकडे उशिरा येते. परंतु आली की ती पूर्ण पाळावी. गौरांग बाकावर बसून ते वाक्य मनात घोकत राहिला.

दिवस कलला तेव्हा आतून कोवळे रडणे ऐकू आले. थोड्या वेळाने दार उघडून आया गंगूबाई बाहेर आली. तिच्या हातात मऊ धडुत्यात गुंडाळलेले बाळ होते.

"पोरगी झाली. मायलेकी दोघी बऱ्या हायेत," ती म्हणाली. मग तिने गौरांगला खालून वर न्याहाळले. "हिचे बाप तुमीच काय?"

गौरांग उठला. त्याने हात जोडले.

"आईला विचारून सांगतो."