बबनच्या दारातला नाच

चिंचणीच्या आमच्या आळीत कुणा नवऱ्याचा आवाज चढला, की गंगूमावशी त्याच्या दारात जाऊन नाचायला लागते. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे अधूनमधून संपावर. पण पदर खोचून पहिली टाळी वाजवली की ती गुडघ्यांनाही जुमानत नाही. मग घरोघरच्या बायका येतात आणि गौरीच्या नाचाचा फेर धरला जातो. गौरी फक्त भाद्रपदात येतात, हे आमच्या आळीला आता सांगून पटत नाही.

"भांडायचा नाय," मावशी म्हणते. "भांडलो का बाप्ये जिंकतात. नाचलो का काय करायचा तेच त्यांना कलत नाय."

मला ताल नाही. म्हणून मला ओटीवर बसवून ठेवतात.

आमचा शेजारी बबन बोईसरच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथे साहेबापुढे त्याचं तोंड उघडत नाही. ते तो घरी येऊन उघडतो. एका रविवारी दुपारी कालवण खारट झालं म्हणून त्याने ताट भिरकावलं आणि बायकोवर, सुनीतावर, हात उचलला. तिची किंकाळी ऐकली आणि मावशीने टाळी वाजवली. बघता बघता अंगण भरलं.

बबन बाहेर आला. "लगीन हाय काय कुनाचा?"

"नाय रे बाबा. तुजा आवाज एवढा दमदार, म्हटला वाया कशाला घालवायचा?"

"पोलिसांत जाईन!"

"जा ना. काय सांगशील? बायका नाचतात?"

त्याने धाडकन दार लावलं. मावशीने फेर थांबवला, सगळ्यांना ओटीवर बसवलं. "आता गप. आयकू या."

इतक्या बायका आणि एक शब्द नाही, असं आळीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. आत बबन पाणी प्यायला, तेही ऐकू आलं. आम्ही ऐकतोय हे त्यालाही कळत असणार. बऱ्याच वेळाने कडी निघाली. सुनीता आमच्यात येऊन बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं बोलली. तिचं बोलणं कुणी मधे तोडलं नाही. संध्याकाळी भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. बबन दारात उभा होता. त्याचा आवाज फुटला नाही.

मावशीला मी घरी पोचवलं. चहा झाला. तिच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता विचारलं, "मावशी, तुझ्या वेळी कोण नाचलं गं?"

"आमी तवा पाम गावाला ऱ्हायचो. ह्यांनी हात उचलला का शेजारीन रेडिओ मोठा करायची."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"बरी होती गो ती. मला लाज वाटू नये म्हनून करायची."

मी उठले, तशी तिने माझा हात धरला. "बस ना थोडा. परत चा टाकते."

मी पुन्हा बसले.