सलाईनवरची पिकअप

आमच्या बाळूभाऊजींच्या पिकअपला सलाईन लावलेली असे. खरीखुरी सलाईन, बाटली, नळी आणि थेंब कमीजास्त करायच्या चाकासकट. बाटली केबिनच्या मागच्या जाळीला टांगलेली आणि नळीतून डिझेलच्या टाकीला गुंडाळलेल्या गोणपाटावर थेंब थेंब पाणी पडतंय. मखमलाबादच्या चौकात नवखा माणूस हटकून थांबायचा, आत कोण आजारी आहे म्हणून वाकून बघायचा आणि टोमॅटोच्या जाळ्या पाहून खुळ्यासारखा निघून जायचा.

बाळूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेती आमच्या ह्यांनी बघायची आणि भाजी मार्केटला भाऊजींनी न्यायची, अशी घरात वाटणी होती. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वहिनी, एक गाडी सांभाळता सांभाळता जीव जातोय, दुसरं कोण सांभाळंल?"

गाडी मूळची साधी. पण भाऊजींनी शहरातल्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजात तिला मोठं इंजिन बसवून घेतलं, त्याला मोठा पंप लावला आणि वर टर्बोही चढवला. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली आणि त्याबरोबर डिझेल तापायला लागलं. मला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, पण रोज जेवताना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पंप टाकीतून जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं जळत नाही. उरलेलं तापून परत टाकीत येतं. पंप मोठा असला की परत येणारंही जास्त. त्यात टाकीत डिझेल थोडं असलं तर ते सगळंच तापतं, पातळ होतं आणि नेमका चढावर गाडीचा दम जातो.

"गरम डिझेल म्हंजी पातळ कढी. ती पिऊन कोणी नांगर वढंल का?" हे ते माझी कढी भुरकता भुरकता विचारायचे. बोलणं कोणाला लागतंय याचा त्यांना पत्ताच नसायचा.

एकदा त्यांनी घरातला ताप बघायचा थर्मामीटर टाकीत बुडवला. काच फुटली. मी संतापले, तर भाऊजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पार वरच्या रेघेच्या पुढं गेला, वहिनी. माणूस असता तर दगावला असता." पुढच्या उन्हाळ्यात माझा नवा माठ गेला. परतीच्या डिझेलची तांब्याची नळी त्यांनी माठातल्या पाण्यातून फिरवून आणली होती आणि माठ सीटवर दोरीने बांधला होता. पहिल्याच खड्ड्यात तो फुटला. भाऊजी नखशिखांत भिजून घरी आले. "प्रयोग चांगला झाला. डिझेल थंड राह्यलं, मी पण," म्हणाले आणि पुढच्या माठासाठी माझ्याकडे आशेने बघायला लागले.

"अर्धी टाकी म्हंजी रिकामी टाकी" हा त्यांचा मंत्र. काटा मध्यावर आला की ते पंपावर जात, मग गाडीत कोणीही बसलेलं असो. हे सगळं पुराण न कंटाळता ऐकणारं घरात एकच माणूस होतं, माझी मुलगी मनीषा. काका मार्केटहून आले की ती ओट्यावर बसून त्यांना विचारायची, "आज किती तापलं?" मग दोघं जी बोलत बसायची, की मी हाका मारून मारून दमायचे आणि पोळ्या थंड व्हायच्या.

मनीषाचं लग्न नामपूरच्या प्रकाशशी ठरलं. बैठकीला सगळे मानपानाचं बोलत होते आणि आमचे भाऊजी अंगणात जाऊन व्याह्यांच्या पिकअपखाली आडवे झाले होते. तिलाही मोठा पंप बसवलेला. कपडे झटकत आत आले आणि भर बैठकीत विचारलं, "टाकी किती भरता?"

व्याही म्हणाले, "उन्हाळामा टाकी भरतस नही हो. डिझेल फुगस."

भाऊजींचा चेहरा असा पडला, जसं मुलाला काही व्यसन असल्याचं कळलंय. घरी येताना मला म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. पण घर कच्च्या टाकीचं हाय."

लग्न ऐन मे महिन्यात, आमच्या दारी, मुहूर्त दुपारचा. वऱ्हाड नामपूरहून सकाळीच निघणार होतं. उजाडता उजाडता भाऊजींनी डिझेलचे दोन कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळले, पाण्याचं पिंप गाडीत चढवलं आणि म्हणाले, "मी वऱ्हाडाला सामोरा जातो."

"भाऊजी, आचाऱ्याची भांडी आणायचीत, फुलं आणायचीत, आणि तुम्ही फिरायला निघालात?" मी ओरडले. ते गेले. त्या सकाळी मी त्यांना जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

दुपार चढली. अक्षता वाटून झाल्या. गुरुजी घड्याळाकडे आणि मी रस्त्याकडे बघत होते. व्याह्यांच्या घरी मुहूर्ताचं फार. प्रकाशच्या आजीने आधीच बजावलं होतं की वेळ टळली तर पुढच्या मुहूर्तावरच लग्न लागेल. मनीषा आतल्या खोलीत सजून बसली होती.

तिकडे काय झालं ते प्रकाशने मला नंतर सांगितलं. देवळा गावाच्या पुढच्या घाटात, चढावर, व्याह्यांची पिकअप माणसांनी खच्चून भरलेली, आणि टाकीत तळाशी डिझेल. मध्यावरच गाडीने मान टाकली. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता आणि व्याही कपाळाला हात लावून म्हणत होते, "आते काय करानं?" तेवढ्यात भाऊजी आले. नमस्कार नाही, रामराम नाही. टाकीवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यावर भाकर भाजंल."

व्याही म्हणाले, नवरदेवाला तरी तुमच्या गाडीत घेऊन पुढे व्हा. भाऊजींनी मान हलवली. "तुमची म्हातारीकोतारी हितं उन्हात ठिवून लगीन लावायचं व्हय? सगळे मिळूनच जाऊ."

त्यांनी थंड डिझेलचे दोन्ही कॅन टाकीत रिकामे केले. गोणपाट पुरेना, तेव्हा आहेराचं गाठोडं सोडून टॉवेल काढले, पिंपात बुचकळले आणि टाकीला गुंडाळले. व्याही कळवळले, "त्या आहेरना टॉवेल शेतस हो!"

"आधी गाडीचा मान, मग माणसांचा," भाऊजी म्हणाले. हातपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली, आपल्या गाडीची सलाईन सोडवली आणि बाटली नवरदेवाच्या हातात दिली. "वर धरायची. खाली आली की थेंब थांबला, आन थेंब थांबला की लगीन थांबलं."

गाडी सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये, धापा टाकत, पण चढली. माथ्यावर पोचल्यावर वाजंत्रीवाल्यांना राहवेना, त्यांनी चालत्या गाडीतच वाजवायला सुरुवात केली.

आम्हाला आधी तो सनईचा आवाज आला आणि मग गाडी दिसली. पुढच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, त्याचा एक हात खिडकीबाहेर उंच आणि त्या हातात सलाईनची बाटली. मागून कोणीतरी बाई म्हणाली, "अगं, नवरा मुलगा सलाईनवर आहे गं."

नवरा मुलगा टुणकन उडी मारून उतरला. मुहूर्ताला अजून थोडा वेळ शिल्लक होता. मंगलाष्टकं अशी दणक्यात झाली की गुरुजींचा घसा बसला. आमच्याकडच्या पुरुषांना ओले, डिझेलचा वास येणारे टॉवेल आहेरात मिळाले आणि ते त्यांनी खांद्यावर टाकून दिवसभर मिरवले. व्याह्यांनी भाऊजींना कडकडून मिठी मारली. प्रकाशची आजी त्यांच्या तोंडात पेढा कोंबत म्हणाली, "माणूस देव शे."

संध्याकाळी पाठवणी झाली. मांडवात फक्त सतरंज्या उरल्या. भाऊजी सकाळपासून जेवले नव्हते, म्हणून मी ताट घेऊन गेले. ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "जिंकलंत, भाऊजी. सकाळी बोलले ते सगळं मागे घेते."

ते जिलेबीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, घाटात त्यांची गाडी उभी दिसली ना, तवा मी लांबच थांबलो व्हतो. वाईच येळ. म्हटलं, नाय चालू झाली तर नाय झाली. मुहूर्त टळंल. पोरगी आजून थोडे दिवस घरी राहील."

मी विचारलं, "मग?"

"मग नवरदेव दिसला. गाडीला एकटाच मागून ढकलत व्हता. मुंडावळ्या घामानं गालाला चिकटलेल्या. म्हटलं, ह्याला बी ती पाहिजेच हाय की."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मी त्यांच्या पानात आणखी दोन जिलेब्या वाढल्या आणि म्हटलं, "मांडवपरतणीला तिला आणायला तुम्हीच जा. चार दिवस आहेत अजून."

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला.