सुभेदार साहेबांची सायकल

“सायकल म्हणे! इंचभर पुढं जात नाही अन् अर्धी खोली खाऊन बसली!” व्यायामाच्या सायकलवर वाळत टाकलेली नवऱ्याची बनियनं ओढता ओढता प्रमोदिनी पुटपुटली. पुटपुटली म्हणजे अशी, की दोन हातांवर पेपर वाचणाऱ्याला शब्दन् शब्द ऐकू जावा!

पेपर खाली आला. “काहून चिडून राहिली? दोन दिवसांत विकतो! मोबाइलवर जाहिरात, मोबाइलवरच पैसे!”

“जपून हो. गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याचे पैसे त्याच खात्यात आहेत.”

“अगं, चौतीस वर्षं खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत इन्स्पेक्शन केलं मी! केसाएवढी चीर असलेला माल पास झाला नाही माझ्या हातून. मला कोण फसवतो?”

यात खोटं काही नव्हतं. रिटायर झाल्यावरही मुरलीधरराव बाजारात भेंडी अशी तपासत, जणू ती तोफेतून उडवायची आहे.

जाहिरात टाकली आणि चहा निवायच्या आत फोन!

“जय हिंद सर! सूबेदार बोल रहा हूँ, कैंट से. जवानों के जिम के लिए साइकिल चाहिए. साढ़े चार हज़ार मंज़ूर!”

मुरलीधरराव उठून उभे राहिले. खरोखर उभे राहिले! जन्मभर ज्या फौजेसाठी गोळे तपासले, ती फौज आज आपण होऊन दारी आली होती. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आपल्या जबलपुरात आलं कुठून, हे प्रमोदिनीच्या मनात आलं. पण नवऱ्याच्या फुगलेल्या छातीला टाचणी लावायचा तिला धीर झाला नाही.

“क्यूआर भेजा है सर. स्कैन करके पिन डालिए, पैसा आपके खाते में.”

“पैसे घ्यायला पिन?” तिनं हळूच विचारलं.

“मग! माल आत घ्यायचा तरी सही लागते. आमच्या स्टोअरमध्ये सहीशिवाय खिळा जमा होत नसे. फौजेचं काम म्हणजे शिस्त!” असं म्हणून त्यांनी शिक्का मारावा तसा पिन मारला.

मोबाइल टुणकन वाजला. साडेचार हजार आले नव्हते. गेले होते!

“सॉरी सर, उलटी एंट्री हो गई! एक बार फिर डालिए, पहलेवाली कैंसल हो जाएगी.”

चुकलेलं व्हाउचर रद्द करायला दुसरं व्हाउचर लागतं, हे तर मुरलीधररावांना झोपेतही पाठ होतं! त्यांनी पुन्हा पिन मारला. मग दुसरं रद्द करायला तिसरा. आणि तिसरं रद्द करायला चौथा!

“गाड़ी निकल चुकी है सर. साइकिल गेट पर रखिए,” असं सांगून सुभेदार जो गेला, तो त्याचा फोन लागेना.

मुरलीधररावांनी सायकल तेलाच्या फडक्यानं पुसून फाटकाशी उभी केली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

कॉलेजातून लेक आली, यशश्री. तिनं वडिलांचा मोबाइल पाहिला, तोंड उघडलं... आणि प्रमोदिनीनं तिच्या पायावर पाय दिला.

“वो... नेटवर्क होगा, बाबा!”

शेजारचे भय्यासाहेब आले. मागच्या वर्षी वीजबिलाच्या खोट्या मेसेजपायी त्यांचे सहा हजार गेले, तेव्हा मुरलीधररावांनी भर गल्लीत तासभर त्यांची शाळा घेतली होती. आज हिशेब चुकवायचा सोन्यासारखा मौका! त्यांनी चारही मेसेज वाचले, चष्मा काढला, परत घातला.

“सर्व्हर डाऊन असेल, दुसरं काय!”

“लष्कराचे पैसे, वेळ लागायचाच,” प्रमोदिनीनंही री ओढली.

इतक्यात एक स्कूटरवाला थांबला. “अंकल, साइकिल बेचनी है? पाँच हज़ार दूँगा, अभी, नकद!”

“फौज को दे दी,” मुरलीधरराव म्हणाले. “ज़बान दी है.”

नोटा परत खिशात गेल्या. भय्यासाहेबांनी घशातला हुंदका खोकला म्हणून खपवला.

यशश्री आईला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. “आई, सायबर फ्रॉडवाली हेल्पलाइन लगाई है, उन्नीस सौ तीस. जितनी जल्दी बोलेंगे, उतना पैसा रुक सकता है. पर वो बाबांशीच बोलायचं म्हणून राहिले!”

प्रमोदिनी फोन घेऊन फाटकाशी आली. दुखऱ्या डोळ्यानं उंबरा धूसर दिसला, ती ठेचकाळली. मुरलीधररावांनी धावत येऊन तिचा हात धरला.

“अठरा हजार आहेत हो,” ती एवढंच म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

“बताइए सर, क्या हुआ?”

“जी, कुछ खास नहीं... तकनीकी अड़चन...”

“फ्रॉड हुआ है?”

“फ्रॉड याने... ऐसा है मैडम, एंट्री उलटी...”

“सर, ठगी हुई है या नहीं? हाँ बोलेंगे तभी लिखूँगी.”

भय्यासाहेब आभाळाकडे बघू लागले. यशश्री नखं खाऊ लागली. मुरलीधररावांनी बायकोच्या पाणावलेल्या डोळ्याकडे पाहिलं. तिचा हात अजून त्यांच्याच हातात होता.

“प्रमोदिनी,” ते म्हणाले, “मी फसलो गं.”

मग घसा साफ करून, ड्यूटीवरच्या आवाजात फोनला सांगितलं, “लिखिए मैडम. चार बार!”